कामदारांचा तापलेला ढीग

आमचे शेजारी कामदार पाहुण्याला आधी पाणी विचारत नसत. ते त्याला आधी ढिगात हात घालायला लावत. त्यांच्या परसात कपाशीची पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, पाला आणि शेण यांचा पुरुषभर उंच ढीग होता. पाहुण्यानं कोपरापर्यंत हात आत घातला की चटका बसून तो ओरडे. मग कामदार समाधानानं म्हणत, "मंडळी कामावर हायेत. बसा आता."

मंडळी म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव. शेतकी खात्यात कामदार म्हणून त्यांची सारी नोकरी झाली; आता ते निवृत्त होते. गावोगाव सायकलनं फिरून खताचा ढीग कसा रचावा ते सांगायचं, एवढंच काम. प्रशिक्षणात एका साहेबानं त्यांना हे जीव सूक्ष्मदर्शकातून दाखवले होते. जेमतेम चार मिनिटं, पण तेवढी जन्माला पुरली.

ते मला सांगत, "माणूस उन्हात सावली पाह्यते, बाई. हे लेकाचे हात पोळन इतक्या गरमीत जेवाले बसतात! बैल तोंड लावत नाही, ते लाकूड खातात. एक दिवस याइले कारखान्यात नोकरी लागन, पाहून घ्या."

मी मुलींच्या शाळेत शिक्षिका. मला कामं ठरल्या वेळी, ठरल्या क्रमानं लागतात. कामदारांबद्दलच्या माझ्या तक्रारीही क्रमानं लिहिलेल्या होत्या: पहाटे पाचला कुऱ्हाडीनं पऱ्हाटी तोडणं, वास, माशा, आणि सगळ्यात वर आरडाओरडा. आमच्या धामणगाव बढ्यात कुठंही चुलीत पऱ्हाटी पेटली की ते कुंपणावरून गरजत, "जाळा! सोनं जाळा! मध्यप्रदेश गेला, मुंबई राज्य गेलं, महाराष्ट्र आला, तुमची अक्कल काही आली नाही!"

पलीकडच्या शेवंताबाई त्यांना पुरून उरत. "मंग चुलीत काय घालू, कामदार? तुमचे पाय?"

यावर कामदार आणखी मोठ्यानं ओरडत. आणि दुपारी शेवंताबाईंनी त्याच चुलीवर भाजलेली भाकर मुकाट खात. बायको जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती.

माघातल्या एका थंड सकाळी मी परसात आले, तर त्यांच्या ढिगातून धूर निघत होता. लगतच शेवंताबाईंची कडब्याची गंजी. कामदार घरात नव्हते. मी वेळ घालवला नाही. हाका मारल्या, विहिरीपासून बायकांची रांग लावली, आणि सतरा बादल्या पाणी ढिगावर ओतलं. धूर थांबला. काम चोख झालं म्हणून मी पदराला हात पुसते आहे, तोच डोक्यावर शेणाची टोपली घेऊन कामदार आले. टोपली त्यांनी तिथंच आपटली.

"मारले! लाखो जीव बुडवून मारले! धूर नव्हता तो, वाफ होती, वाफ! मास्तरीण ना तुम्ही? काय शिकवता पोरीइले?"

"आणि गंजी पेटली असती म्हणजे?" मीही चिडले.

"दोन महिने जपला! आणखी महिनाभरात खत झालं असतं! जेवत्या पंगतीवर पाणी ओतलं तुम्ही!"

दुपारपर्यंत ते ओरडत होते आणि मी माझ्या बाजूनं उत्तरं देत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे कुऱ्हाड वाजली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शेवंताबाईंनी नेलेली भाकर तशीच परत आली. मी जाऊन ढिगात हात घातला. आत गार चिखल होता, आणि नासल्याचा वास.

मला राग आला. त्यांचा आला, माझाही आला. घरी येऊन यादी करायला बसले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ढीग पुन्हा कसा उभा करायचा, हे मला सगळं पाठ होतं. ओलं उपसून पसरा, थराथरात कोरडं घाला, पातळ शेणकाला शिंपडा, हवा खेळू द्या. दोन वर्षं हा माणूस कुंपणावरून हेच तर ओरडत होता.

मी कोरडं मागायला गेले, तर शेवंताबाईंनी पऱ्हाटीचा अख्खा भारा आणून टाकला. "देते. पण त्याइले सांगा, आता माह्या चुलीचं नाव नाही काढायचं."

आम्ही सात बायकांनी ढीग रचला. कामदार बाहेर आले नाहीत. रचल्यापासून चौथ्या सकाळी वाफ निघाली. शेवंताबाईंनी हात घातला आणि "आई वं!" म्हणून किंचाळल्या.

मी कामदारांच्या दाराशी गेले. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"तापला. चला बघायला."

"खिडकीतून पाह्यला."

"मग?"

ते भिंतीकडेच बघत सांगू लागले, "साहेब येणार असले की आदल्या दिवशी गड्डा खणायचो, पाला टाकायचो. साहेब गेले की लोक तोच पाला चुलीत घालत. मी वर लिवत गेलो, ह्या गावात दहा ढीग, त्या गावात वीस. एक बी नव्हता, बाई. सारे कागदावरच तापले. दुसऱ्यानं रचलेला ढीग तापलेला म्या आज पहिल्यांदा पाह्यला."

मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"उभ्या काऊन राह्यल्या?" ते एकदम खेकसले. "जा ना! शेवंताबाई पाणी जास्त टाकन!"

तोंड मात्र त्यांनी भिंतीकडून वळवलं नाही. मी दार हळूच ओढून घेतलं.