गोठ्यातला ड्रॅगन

गेल्या नाताळच्या आदल्या रविवारी, मिस्सा सुटल्यावर, चर्चच्या आवारात, सगळ्यांच्या देखत चिंचणीच्या इनासकाकांवर अन्याय झाला. तिथे हजर असलेले आता म्हणतात, "अन्याय कसला? एवढंसं तर झालं." म्हणून आधी माणूस सांगतो, मग ते एवढंसं.

इनासकाका दरवर्षी चर्चमधल्या नाताळच्या गोठ्यात ड्रॅगन बसवतात. गाय, गाढव, मेंढपाळ आणि ड्रॅगन! बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर फाटकं जाळं आणि जाळ्यावर चिकटवलेली माशांची सुकी खवलं. पहिल्या वर्षी दर्शनाला माणसांपेक्षा मांजरंच जास्त आली. एकीने शेपूट पळवली. काकांनी मुकाट्याने नवी लावली.

मुकाट्याने म्हणजे खरंच मुकाट्याने. बोईसरला कारखान्याच्या गेटवर त्यांची नोकरी. तिथे येणाऱ्याला "कोण, कुठले" हे ते भुवईनेच विचारतात. तुम्ही काहीही सांगा, "मंग?" एवढंच उत्तर. मोर्च्यात माझा चष्मा फुटला, मी तावातावाने सगळं सांगितलं. काका म्हणाले, "मंग?" गावात त्यांना गर्विष्ठ म्हणतात.

पण ओट्यावर पोरं जमली की हाच माणूस ड्रॅगनची गोष्ट घडाघडा सांगतो. तो ड्रॅगन तारापूरच्या खाडीतला. "कारखान्यांचं पानी प्याला, पोटात आग झाली. तवापासून तोंड उघडलं का जाळ!" त्या पाण्याविरुद्ध मी किती पत्रकं काढली, लोकांनी त्यांत सुकट बांधली. काकांचं हे वाक्य मात्र गावातल्या पोरापोराला पाठ. शेवटी मी आमच्या संघटनेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर पत्रकं सोडून काकांच्या गोष्टीची पुस्तिका काढली आणि पोरांना वाटली.

तर गोष्ट अशी, की देवदूत बाळ येशूसाठी 'ग्लोरिया' गायला येतात. ड्रॅगनलाही गायचंय. पण तोंड उघडलं तर गोठ्यातलं गवत पेटेल! तो जाळ गिळतो, अडतो. "ग्लो... ग्लो..." इथे काकाही थांबतात. कितीही वेळ. पोरं श्वास रोखून बसतात; एकही पोर शब्द पुरवत नाही. मग काका हळूच म्हणतात, "देवदूत कंटालले नाय. थांबले."

मला वाटायचं, काय नट आहे हा माणूस!

त्या रविवारी चर्चच्या समितीचे अध्यक्ष मी काढलेली पुस्तिका नाचवत आले. "काय रे इनास? शास्त्रात ड्रॅगन म्हणजे सैतान. सैतानाला गोठ्यात बसवतोस? आहे काय तुझं म्हणणं?"

काका उठले. "मा... मा..."

कुणी घड्याळ बघितलं. कुणी खुसखुसलं. घरोघरी कालवण निवत होतं.

"माफी मागतोस ना?" अध्यक्ष म्हणाले. "झालं तर! बस."

काका बसले. पुस्तिका पोरांच्या हातांतून काढून घेतल्या. ड्रॅगन मागच्या खोलीत गेला. लोक जेवायला गेले.

मी काकांना घरी पोचवायला निघालो. वाटेत माझी बडबड चालूच. सह्या गोळा करू, मोर्चा काढू, अध्यक्षांना जाब विचारू! ओट्याशी काकांनी माझी बाही धरली.

"मा... मा..."

शब्द पुरवायला मी तोंड उघडलंच होतं. मिटलं. रस्त्यावरून एक सायकल गेली, कोंबडी ओट्यावर चढली, उतरली. काकांच्या गळ्याची शीर ताणली होती.

"माजी गोष्ट संपली नाय."

तेव्हा कळलं, तो अभिनय नव्हता. आणि हेही कळलं, की साऱ्या गावात पोरं तेवढी देवदूतांसारखी थांबत होती.

या नाताळला काका तीच गोष्ट स्वतःच्या ओट्यावर सांगणार आहेत. ड्रॅगन नवा केलाय. मांजरं आत्तापासून पहाऱ्याला बसली आहेत. तुम्ही या. पोरांना आणा. अध्यक्षांनाही हाताला धरून आणा. ड्रॅगन अडला की घड्याळ बघू नका, खाकरू नका. पुढचा शब्द तुम्हाला ठाऊक असला तरी तोंड मिटून बसा. त्याचं त्याला गाऊ द्या.