मराठेकाकांची डॉलरशी लढाई

आमच्या शेजारचे मराठेकाका कोथिंबिरीची जुडी घेतात तेव्हा अमेरिकेवर वार करतात. मोबाइलवरून रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल रुपयात दहा रुपये देतात, घड्याळ बघतात आणि म्हणतात, "तिकडे आत्ता रात्रीचे साडेनऊ. बेसावध आहेत लेकाचे."

"माझ्याकडं पैसे नेहमीसारखेच पडले, काका," भाजीवाली म्हणते.

"तुला नाही कळायचं. सार्वभौमत्व आहे ते."

काका बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झाले. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या सभेत विषय पाण्याच्या टाकीचा असला, तरी ते दोन वाक्यांत डॉलरवर येतात. "परदेशातून पैसा यायचा तर मध्ये तीन बँका. अमेरिकेला विचारल्याशिवाय त्यातली एकही शिंकत नाही. उद्या तिचं डोकं फिरलं, की अख्खा देश कोरडा. उपाय एकच, देशादेशांची डिजिटल चलनं. थेट या हातातून त्या हातात." टाकी अजून गळते आहे.

गंमत म्हणजे काकांचा एकुलता एक मुलगा निनाद न्यू जर्सीत असतो आणि दर महिन्याला डॉलरच पाठवतो. मी छेडलं की काका म्हणतात, "शत्रूच्या गोटात आपला माणूस हवा." काकू गेल्यापासून घरात ते एकटेच.

दिवाळीत निनाद आला होता. म्हणाला, "बाबा, आता डिजिटल चलनात थेट पाठवता येतं. मधल्या बँका नकोत, मिनिटात पोचतं."

मला वाटलं, काका पेढे वाटतील. ते म्हणाले, "घाई नको. आधी दोन्ही सरकारांचा रीतसर करार होऊ दे."

मी खूप हसलो. ऐन विजयाच्या दिवशी सेनापतीच तंबूत जाऊन झोपला होता.

परवा सकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेलेलो. टेबलावर मोबाइल वाजला. निनादचे पैसे जमा झाल्याचा बँकेचा मेसेज होता. काकांनी तो नीट वाचला आणि मोबाइल पालथा ठेवला. थोड्याच वेळात निनादचा फोन आला. काकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे स्पीकर चालूच असतो.

"बाबा, आले का पैसे?"

"नाही रे. अडकले असतील मधल्या कुठल्यातरी बँकेत. तू जेवलास का? खोकला कसा आहे?... बरं, उद्या विचार परत."

फोन बंद झाला. काका कप विसळायला उठले आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "मिनिटात पोचायला लागले, तर तो फोन कशाला करेल?"