'युअर मॅन'ची रीतसर चौकशी

आयर्लंडमधल्या स्लायगोजवळ एका चित्रपटाचे चित्रीकरण सुरळीत चालले होते, आणि तिथे कोणाचेही कोणावर प्रेम नव्हते. कंपनीचे तसे धोरणच होते.

वृंदाकडे कंटिन्युइटी होती. मागच्या शॉटमध्ये नायकाची बाही दुमडलेली होती की सोडलेली, चहाचा कप भरलेला होता की अर्धा, हे ध्यानात ठेवायचे. विक्रांत ध्वनिविभागात. कानाला हेडफोन लावून, लांब काठीचा माइक नटांच्या डोक्यावर धरून उभा असायचा. दोघे महाराष्ट्रातले, एवढाच काय तो संबंध.

एका सकाळी प्रॉडक्शन मॅनेजरने वृंदाला सहज विचारले, "व्हेअर इज युअर मॅन विथ द माइक?" आयर्लंडात 'युअर मॅन' म्हणजे नुसता 'तो गडी'. पण पुण्याहून नुकत्याच आलेल्या वृंदाचे कान लाल झाले. "तो माझा कोणी नाही!" ती इतक्या जोरात म्हणाली, की नटसुद्धा संवाद विसरले.

कोणी आरोप केलेला नसताना नकार आला, याची कार्यालयाने गंभीर दखल घेतली. आचारसंहिता अधिकारी नोराबाईंनी दोघांना बोलावले.

"तुमच्यात काही आहे?"

"काही नाही."

"ग्रँड! मग ते नसण्यावर देखरेख ठेवावी लागेल. दर आठवड्याला दोघांनी एका खोलीत बसून, काही नाही याची उजळणी करायची. मनमोकळेपणाने."

पहिल्या बैठकीत दोघेही भिंतीकडे बघत राहिले. दुसरीत विक्रांत म्हणाला, "आज संकष्टी ना तुझी?"

"तुला कसं कळलं?"

"सकाळपासून तुझं पोट माइकमध्ये येतंय. मागच्या महिन्यातही आलं होतं. डिरेक्टरला सांगितलं, समुद्राची गाज आहे."

वृंदा हसली. त्या दिवशी ढगांनी चंद्र काही दिसू दिला नाही. तिने उपास सोडेपर्यंत विक्रांतही जेवला नाही. अशा रीतीने, जे नव्हते ते कार्यालयीन वेळापत्रकानुसार झाले.

खोटे बोलणे वृंदाला जमण्यासारखे नव्हते. ती विक्रांतला घेऊन नोराबाईंकडे गेली आणि म्हणाली, "आता आहे."

नोराबाईंचा चेहरा पडला. "पण काही नसल्याचं आमचं आदर्श उदाहरण म्हणजे तुम्ही! आणि तू कंटिन्युइटीवाली ना? आधीच्या शॉटमध्ये नव्हतं, ते पुढच्यात आलं कुठून?"

उपाय एकच होता. एकाने चित्रपट सोडावा, नाहीतर दोघांनी प्रेम.

वृंदाने चित्रपट सोडला आणि विक्रांतला शेजारी बसवून घरी फोन लावला. सगळे ऐकून आई हळहळली. "काय बाई तिकडचे लोक! दोन माणसांच्या मनातलं, त्याची कसली चौकशी करायची? पण हा आहे तरी कोण?"

"माझा माणूस," वृंदा म्हणाली. या वेळी कान लाल झाले नाहीत.

"ते कळलं गं. आडनाव काय?"

वृंदाने सांगितले. फोन गप्प झाला. विक्रांतने सवयीने कान दिला. लाइन चालू होती. शांतता अगदी स्पष्ट येत होती.

"यांना विचारून सांगते हं," आई शेवटी म्हणाली.

ते आडनाव या कथेत कुठेही दिलेले नाही. ज्या वाचकांनी ते मघापासून शोधले नसेल, त्यांनी नोराबाईंना खुशाल हसावे.