खंडेनवमीची फ्लॉपी

नागापूरच्या एमआयडीसीत लिनक्स पहिल्यांदा कोणी आणलं असं कोणी विचारलं, तर बेधडक माझं नाव सांगा. रविराज, मूळ तिसगावचा, हल्ली मुक्काम केडगाव. गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. तेव्हा विंडोज सोडून कॉम्प्युटरला आणखी काही चालतं, हे आमच्याकडं कुणाच्या गावीही नव्हतं. मलाही एका मासिकानंच सांगितलं, आणि सोबत सीडी दिली. फुकट! फुकटची वस्तू वाया घालवणं आमच्या घराण्यात नाही.

मी गहिनीनाथ शेठच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचो. साखर कारखान्याचे शाफ्ट, गिअर असली कामं. कॉम्प्युटर शेठनी माझ्याच शब्दावर घेतलेला, त्यामुळं तो आणि मी एकाच दावणीला होतो. तो गेला की मीही गेलो. शेठची अट एकच होती, चालतंय त्याला हात लावायचा न्हाई.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी सगळे कामगार लेथ आणि ड्रिल मशिनी धुण्यापुसण्यात गुंतले होते. ऑफिसात मी एकटा. त्या दिवशी यंत्र चालवत नाहीत, पूजेला मांडतात. पण मी चालवत कुठं होतो? मी तर नुसतं बसवत होतो! अशी मनाची समजूत घातली आणि सीडी आत सरकवली.

काम लोण्यासारखं झालं. शेवटी एकच प्रश्न आला. कॉम्प्युटर सुरू करताना विंडोज हवं की लिनक्स, हे विचारायला दारात एक प्रोग्रॅम बसवावा लागतो. त्याचं नाव लिलो. हा लिलो डिस्कच्या अगदी तोंडाशी बसवू, की डिस्कवर लिनक्सच्या वाट्याला आलेल्या जागेत? शेतकऱ्याच्या पोराला हे विचारायचं असतं का? पाटाच्या तोंडाशी जो बसतो, पाणी त्याच्या मर्जीनं वाहतं. म्हटलं, तोंडाशीच बस बाबा.

कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. काळ्या पडद्यावर इंग्रजी एल उमटला. मग आय. मग काहीच नाही. लिलोनं चार अक्षरांचं स्वतःचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि अर्ध्यावर त्याची वाचाच गेली! दहादा बंद केला, दहादा लावला. एल, आय, आणि सामसूम. डिस्क होती मोठी, लिनक्स पडलं पार पलीकडच्या टोकाला, आणि तिथवर लिलोचा हात पोचत नव्हता, हे मला पुढं कळलं. त्या वेळी एवढंच कळलं, की दारातच हा असा आडवा पडल्यावर विंडोजही उघडणार नाही. आणि विंडोजमध्ये कारखान्याच्या शाफ्टचं ड्रॉइंग होतं. दुसरी प्रत? ती काढायची असते, हे मी इतरांना सांगत असे.

गाळप तोंडावर आलेलं. कारखान्याचे इंजिनिअर रंगनाथ साहेब दसरा झाला की ड्रॉइंग न्यायला येणार होते. ते मिळालं नाही तर काम दुसऱ्या वर्कशॉपला, कॉम्प्युटर भंगारात, आणि मी तिसगावला ज्वारीतली पाखरं हाकायला.

उपाय मात्र होता. विंडोजची स्टार्टअप फ्लॉपी टाकायची, एक कमांड द्यायची, की तोंडाशी बसलेला लिलो पुसला जातो. फ्लॉपी ड्रॉवरमधून काढली आणि वर बघतो तर दारात मुक्ताआई, शेठच्या मातोश्री! हातात हळदीकुंकवाचं तबक.

"त्ये काय रं हातात?"

"कॉम्प्युटरची किल्ली," मी म्हणालो. घाबरला की माणूस खरं बोलून जातो.

"मंग ती नगं व्हय पूजेला?"

मी हो-नाही म्हणेपर्यंत फ्लॉपी तबकात, तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं, आणि कॉम्प्युटरच्या गळ्यात झेंडूचा हार. फ्लॉपी जाऊन बसली पान्हे आणि मापं घ्यायच्या व्हर्नियरच्या पंगतीत, नारळाशेजारी. पूजेतल्या वस्तूला उद्यापर्यंत कुणी शिवायचं नाही, हा तिथला कायदा. मी म्हटलं, बरंच झालं. आज कॉम्प्युटर कुणी लावणारही नाही. उद्या दसऱ्याला गुपचूप सोनं लुटू. जरा जिवात जीव आला, प्रसादाचा शिराही दोनदा घेतला.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. रंगनाथ साहेब! गाळप अलीकडं ओढलं होतं, ड्रॉइंग आत्ताच हवं होतं.

"रवी, काढून दे सायबांना," शेठ म्हणाले.

"शेठ, आज यंत्राला हात कसा लावायचा? हार घातलाय."

"गेल्या साली तूच म्हनला हुतास, ह्ये यंत्र न्हाई, ह्ये वहीपेन हाय, पूजा कशाला. लाव."

लावला. झेंडूच्या चौकटीत एल आला. आय आला. सगळे वाकून बघत राहिले.

"नव्या नवरीवानी अडलंय," मुक्ताआई म्हणाल्या. "नाव घ्यायला लाजतंय जनू."

साहेब हसले. शेठ हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "हात लावलास?"

मी म्हणालो, "किल्ली पूजेत आहे."

शेठनी आईकडं बघितलं. पूजेतनं वस्तू उचल म्हणायची छाती त्यांनाही झाली नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग जीपकडं. माझी नोकरी नारळाशेजारी हळदीकुंकू लावून पडली होती आणि मला चार पावलं पुढं होता येईना.

मुक्ताआई उठल्या. पदर सावरला, हात जोडले. "कामाच्या आड देव कशाला यील?" असं म्हणून फ्लॉपी उचलली आणि तिच्या जागी एक सुपारी मांडली. हजर नसलेल्या माणसासाठी मांडतात तशी.

पूजेच्या पाण्यानं फ्लॉपी ओली झाली होती. शर्टाला पुसून आत घातली. ड्राइव्ह घरघरला आणि म्हणाला, वाचता येत नाही. काढली, पत्र्याच्या झाकणातलं कुंकू नखानं खरवडलं, फुंकर मारली, पुन्हा घातली. पुन्हा घरघर. आणि एकदाची वाचली! कमांड दिली, फ्लॉपी काढली, कॉम्प्युटर पुन्हा लावला. पडद्यावर विंडोजचे ढग आले, आणि मी ज्या ढगांना वर्षभर नावं ठेवली, त्यांनाच मनातल्या मनात नमस्कार केला. ड्रॉइंग छापून दिलं, ते घेऊन साहेब गेले. शेठनी फक्त टेबलावरची ती सीडी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या स्कूटरवर कावळे हाकायला टांगलेली दिसली.

फ्लॉपी जागृत आहे, असं मुक्ताआईंनी जाहीर केलं. तेव्हापासून ती त्यांच्या देव्हाऱ्यात असते. लागली तर मला पाय धुऊन मागावी लागते.

आणि लिनक्स? ते अजून त्या डिस्कच्या पलीकडच्या टोकाला आहे, अगदी पूर्ण बसवलेलं. तेव्हा नागापूरच्या एमआयडीसीत लिनक्स पहिल्यांदा मीच आणलं, यात वाद नाही. फक्त ते दिसतं कसं, एवढं तेवढं मला विचारू नका.