कोरा कान

आबांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. धुळ्याच्या घरी आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. टेम्पोतून गाद्या उतरत होत्या आणि खाकी कपड्यांतला एक उंच माणूस जवळ येऊन म्हणाला, "भाऊ, जरासा डावा कान दखाड ना."

माझ्या डोक्यावर गादी होती. नाही म्हणायलासुद्धा हात मोकळे नव्हते. त्यांनी टॉर्च मारला, नीट पाहिलं, "कोरा शे," असा निकाल दिला आणि निमूटपणे गादीचं दुसरं टोक धरलं. बायकोची समजूत अशी झाली की शेजारी कानातला मळ काढणारा राहतो.

आबा एस.टी.त कंडक्टर होते, जळगाव–धुळे गाडीवर. कान पाहण्याचं वेड त्यांना पणजीमुळे लागलं होतं. शंभरेक वर्षांपूर्वी, इंग्रजांच्या राज्यातल्या एका दुष्काळात ही भागामाय कडेवर एक पोर घेऊन पारोळ्याला आली. ते पोर म्हणजे आबांचे आजोबा. मोठे दोन मुलगे वाटेत गर्दीत हरवले. नवरा कोण, सासर कुठलं, हे तिने कोणाला सांगितलं नाही. मरेपर्यंत एकच म्हणायची, "मना दोन पोरं मांगे राही ग्यात." तिच्या डाव्या कानापुढे जन्मजात एक बारीक भोक होतं, मोहरी बसेल एवढं. तेच आजोबांना, वडिलांना आणि आबांना. म्हणजे त्या हरवलेल्या दोघांच्या नातवंडा-पतवंडांनाही असणार, असा आबांचा हिशेब. "मानूस खोटं बोली. कान खोटं बोलत नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आता कंडक्टर उभा आणि प्रवासी बसलेले. कान पाहायला याहून सोयीची नोकरी कुठली? पण थंडी पडली की आबांचं डोकं फिरायचं, कारण अख्खी गाडी मफलर गुंडाळून बसायची. "मफलर सोडा हो, पारोळा आल्याचं ऐकू येणार नाही!" असं ते जळगाव सुटल्या सुटल्या ओरडायला लागायचे. बायकांच्या पदराआडचे कान मात्र त्यांनी सभ्यपणे सोडून दिले होते.

एकदा सावद्याच्या एका केळीवाल्याच्या कानापुढे खरंच भोक निघालं. आबा तिकिटं द्यायचं विसरून त्याच्याशेजारी बसले, त्याचा हात हातात घेतला, भागामायची सगळी कथा सांगितली. तो बिचारा शेवटी म्हणाला, "आबा, लहानपणी भावाने पेन्सिल खुपसली होती." त्या दिवशी आबा जेवले नाहीत. पण निष्ठा ढळली नाही. मला म्हणाले, "कान खरा शे. याना भाऊ बदमाश शे."

मी खूप हसलो होतो. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसली तेव्हा माझं हसणं जरा कमी झालं.

खान्देशात कानबाईचे रोट करतात, कणकेचे, जाडजूड. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला घास द्यायचा नाही आणि काही उरवायचंही नाही. बाकीच्या घरी पंगती उठत. आबांची बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, सख्खं-चुलत कोणी नाही. ते एकटे रोट भाजायचे आणि एकटेच तीन-तीन दिवस खायचे. आम्ही शेजारी भिंतीपलीकडून ऐकायचो, तर ते कानबाईशी गप्पा मारत जेवत असायचे.

मग ते रिटायर झाले. गाडी गेली आणि कानही गेले. त्या वर्षी कानबाईच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. देवीसमोर दोन ताटं मांडली होती.

"बस. डावा कान दखाड."

"आबा, तुम्ही पाहिलाय. कोरा आहे."

"तवय मले चष्मा नव्हता." त्यांनी माझ्या कानापुढे अंगठा दाबला. "शे ना रे! बारीक शे, पन शे."

मी चाचपून पाहिलं. तिथे काही नव्हतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जन्मभर एका कानाचीही सवलत न देणारा माणूस जमिनीकडे बघत बसला होता.

"हो आबा," मी म्हणालो. "आई म्हणायची, तिथे काहीतरी आहे म्हणून."

त्यांनी रोट मोडला. मोठा तुकडा माझ्या ताटात घातला आणि कानबाईकडे वळून हळूच म्हणाले, "भागामायले सांग, एक सापडी गया."

रोट चांगलाच कडक झाला होता. मी तो चुऱ्यासकट संपवला. आमच्या भाऊबंदांत रोट उरवायची पद्धत नाही.