चार वाजून दहा मिनिटांनी निघणारी ऊब

लुंगचेन गावात घरातली ऊब रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी उठते, दारात उभी राहून "निघते आता" म्हणते आणि निघून जाते. सकाळी नऊच्या सुमारास ऊन अंगणात आलं की ती परत येते. मधल्या वेळात ती गावामागच्या मोठ्या खडकावर बसलेली असते. सातही घरांची ऊब तिथे जमते, त्यामुळे त्या खडकाच्या आसपास बर्फ धरत नाही. बकऱ्यांना ही जागा चांगली ठाऊक आहे.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. मी वाईचा, हणमंत मुळीक, कनिष्ठ अभियंता. आमच्या ऑफिसातली निम्मी मंडळी चार वाजून दहा मिनिटांनीच निघत असत, आणि तीही सकाळी ऊन वर आल्याशिवाय येत नसत.

लुंगचेन हे लडाखच्या पठारावरचं, चांगपा लोकांचं सात उंबऱ्यांचं गाव. पश्मिना देणाऱ्या बकऱ्या पाळायच्या आणि हिवाळ्यात मातीच्या घरांत राहायचं, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. मला तिथे दुर्गम वस्ती गृह-ऊर्जा बचत योजनेखाली पाठवलं होतं. अट सरळ होती. जानेवारी संपायच्या आत गावातल्या एका नमुना घरात सलग तीन दिवस सकाळी सहा वाजता किमान दहा अंश तापमान दिसलं पाहिजे. दिसलं तर सगळ्या घरांना सामान मिळणार. नाही दिसलं तर गाव हिवाळ्यात राहण्यास अयोग्य ठरणार आणि माणसांना खालच्या वसाहतीत हलवणार. वसाहतीत माणसांची सोय होती, जनावरांची नव्हती.

नमुना घर यांगडोल आणि तिचा नवरा गुर्मेत यांचं होतं. यांगडोल पन्नाशीची, खणखणीत आवाजाची. तिच्या दोनशे चौदा बकऱ्या होत्या आणि ती प्रत्येकीला नावाने ओळखत असे. गुर्मेत दिवसातून पाच-सहा शब्द बोलायचा, त्यातले दोन कुत्र्याला.

"इंजिनियर-ले," यांगडोलने पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "बकऱ्या खाली जाणार नाहीत. म्हणजे मीही जाणार नाही. आता तुम्ही काय ते मोजा."

आमचं बोलणं हिंदीत चालायचं. तिथल्या रीतीप्रमाणे मी तिला आचे-ले, म्हणजे मोठी बहीण म्हणायचो.

योजनेच्या अर्जात नववा रकाना होता: ऊब कोणत्या मार्गाने बाहेर पडते? छत, भिंत, खिडकी की दार? मी दुपारी घड्याळ घेऊन बसलो. चार वाजून दहा मिनिटांनी ऊब उठली. दिसायला ती विशेष काही नाही. मे महिन्यात डांबरी रस्त्यावरची हवा हलते तशी उंबऱ्यावरची हवा जराशी हलते, एवढंच. आवाज मात्र स्वच्छ, आणि हिंदी माझ्यापेक्षा बरी. "निघते आता," ती म्हणाली. यांगडोलने मान हलवली, गुर्मेतने चुलीत पाहिलं, आणि ती गेली. बुखारीत, म्हणजे तिथल्या लोखंडी चुलीत, गोवऱ्या धडधडत होत्या, पण आता त्यांचा नुसता उजेड पडत होता आणि धूर येत होता. मी नवव्या रकान्यात "दार" असं लिहिलं.

मग मी कामाला लागलो. छतात मेंढीची लोकर भरली. भिंतींना आतून लाकडी भुशाच्या पिशव्या लावून वर मातीचा गिलावा केला. दक्षिणेच्या खिडकीला दुहेरी काच बसवली. आणि दाराला जाड नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, पडदा लावून आतून भक्कम अडसर घातला. अडसराचा मला फार अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी ऊब उठली, दाराशी गेली. तिने अडसराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ती उंबऱ्यापाशी भिंतीकडे तोंड करून बसली. सकाळी सहाला मी तापमापक पाहिला. उणे चार. पूर्वीपेक्षा तीन अंश कमी. ती घरातच होती, पण उबदार नव्हती.

सकाळी तिने तोंडी तक्रार दिली की आपलं म्हणणं ऐकून न घेता आपल्याला डांबून ठेवण्यात आलं. तक्रार आली म्हणजे चौकशी आलीच. मी बुखारीपाशी चटई टाकली, वही उघडली आणि तारीख घातली.

"आपण या घरात किती वर्षं आहात?" मी विचारलं.

"तीस. या दोघांचं लग्न झालं तेव्हापासून."

"रोज चारनंतर बाहेर जाण्याचं कारण?"

"मला कोणी बस म्हणत नाही म्हणून."

यांगडोलने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"मी रोज दारात उभी राहते," ऊब म्हणाली. "निघते म्हणते. निघते म्हटल्यावर ताडकन निघायचं असतं का? थांबायचं असतं, समोरच्याला वेळ द्यायचा असतो. तीस वर्षं मी वेळ देतेय. कोणी एकदाही अडवलं नाही."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या भागात पाहुण्याने चहाला लगेच हो म्हणायचं नसतं. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. आणि घरच्यांनी तीनदा विचारायचंच. दोनदा विचारून थांबलेल्या घराचं नाव पुढची कित्येक वर्षं निघतं. यांगडोलने मलाही असेच रोज तीन तीन कप पाजले होते. मग हिच्याच बाबतीत असं कसं झालं?

"अहो, पण तुम्ही पाहुण्या थोड्याच आहात!" यांगडोल कळवळून म्हणाली. "तुम्ही घरच्या. घरच्या माणसाला कोणी आग्रह करतं का? आम्हाला वाटलं, काही काम असेल."

"मला काय काम असणार?" ऊब म्हणाली.

मी वहीत लिहिलं: 'पाहुणी की घरची, याबाबत उभय पक्षांत तीस वर्षांचा गैरसमज. निकाल: घरची; तरी आग्रह करावा.' आणि खाली सही केली.

"लोकर आणि भुशाबद्दल काही तक्रार?" मी जरा घाबरतच विचारलं.

"नाही. बसायला गादी घातलीत, ते चांगलं केलंत. पण गादी घालून दाराला अडसर कोण लावतं?"

मी उठलो आणि अडसर काढला. काढताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण चूक माझीच होती. ज्या माणसांनी तिच्यासोबत तीस वर्षं काढली, त्यांना आणि तिला एकत्र बसवून आधी चार प्रश्न विचारायला हवे होते. मी भिंतींना विचारत बसलो.

त्या दुपारी पहिला प्रयत्न झाला. मीही तोंड घातलं. आग्रह या विषयात माझी मावशी आमच्या पंचक्रोशीत नावाजलेली. पंगतीत "माझ्या गळ्याची शपथ" म्हणत ती जिलबी वाढायची आणि माणसं पानावरून पळून जायची. तिच्याच चालीवर मी सुरू केलं, तर ऊब थंडपणे म्हणाली, "तुम्ही स्वतः पाहुणे. पाहुण्याने कोणाला थांबवायचं नसतं." नियम बरोबर होता. मी मागे सरलो. यांगडोलने तीनदा म्हटलं, ऊब दोनदा नको म्हणाली आणि तिसऱ्यांदा बसली. सकाळी सहाला बारा अंश. आणि बुखारीत गोवऱ्या रोजच्या निम्म्याच लागल्या, कारण भिंती आता तिला धरून होत्या.

दुसऱ्या सकाळीही बारा. मी वायरलेसवर कळवलं आणि त्याच दिवशी दुपारी पडताळणीसाठी मुख्य अभियंता कुलश्रेष्ठ साहेब जीप घेऊन आले. तारीख तीस जानेवारी होती. आजची रात्र चुकली तर पुन्हा मोजायला महिनाच शिल्लक नव्हता.

त्याच सकाळी यांगडोलची एक गाभण बकरी कळपातून हरवली. यांगडोल तिला शोधायला डोंगरात गेली. तीन वाजले, साडेतीन वाजले. यांगडोल आली नाही. घरात साहेब, मी आणि गुर्मेत.

"आग्रह कोण करणार?" साहेबांनी विचारलं.

"नियमाने घरच्या माणसाने करायचा," मी म्हणालो. आम्ही दोघांनी गुर्मेतकडे पाहिलं. गुर्मेतने चुलीकडे पाहिलं.

चार वाजून दहा मिनिटांनी ऊब उठून दारात उभी राहिली. "निघते आता."

गुर्मेत उभा राहिला. "बसा," तो म्हणाला.

"नको, निघते."

साहेब पेन हातात धरून होते. गुर्मेतने घसा खाकरला. "चहा," तो म्हणाला.

"नको. उशीर होतोय."

साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "'चहा' हा आग्रह धरायचा का?" मी हो म्हणून मान हलवली. एकच बाकी होता. गुर्मेतचे ओठ हलले, पण आवाज निघेना. चार वाजून चौदा मिनिटं झाली. उंबऱ्यावरची हवा हलली आणि ऊब एक पाऊल बाहेर गेली. मला वाटलं, संपलं. दोनशे चौदा बकऱ्या, हे गाव, सगळं.

"आचे-ले," गुर्मेत उबेला म्हणाला. "तुम्ही गेलात की मी यांगडोलचे पाय पोटाशी धरून झोपतो. तीस वर्षं. ते कधी गरम होत नाहीत. ती मला तसं बोलून दाखवत नाही, झोपल्याचं सोंग करते. मीही सोंग करतो. तुम्ही जाऊ नका."

एवढं बोलून तो मटकन खाली बसला. आयुष्यात त्याने एका दमात एवढं बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. कुत्रासुद्धा उठून उभा राहिला.

ऊब दारातून मागे वळली. "इतके दिवस का नाही बोललात?"

"लाज वाटली," गुर्मेत म्हणाला.

ती आत आली आणि त्याच्या शेजारी बसली. साहेबांनी घड्याळ पाहून नोंद केली: 'तीन आग्रह, विधिवत.' मग चष्मा काढून बराच वेळ पुसला. घर उबदार झालं की काचांवर वाफ धरते, असं ते म्हणाले.

दिवस मावळता मावळता यांगडोल बकरीला खांद्यावर घेऊन आली. दारात थबकली. हातमोजा काढून तिने तळवा हवेत धरला.

"हिला कोणी थांबवलं?" तिने विचारलं.

"नियमाप्रमाणे, घरच्या माणसाने," मी म्हणालो.

ती गुर्मेतकडे बघत राहिली. गुर्मेत चुलीकडे बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. सकाळी सहाला तापमापकात चौदा अंश होते.

मार्चमध्ये सातही घरांना लोकर, भुसा आणि काचा मिळाल्या. आता चार वाजून दहा मिनिटांनी गावात सगळ्या दारांतून एकदम गलका उठतो, बसा, बसा, असं कसं, आणि दोन मिनिटांत शांत होतो. खडकावर बर्फ धरू लागला आहे. बकऱ्यांनी सुरुवातीला नाराजी दाखवली, मग त्या घरांच्या भिंतींना टेकून बसू लागल्या.

माझं काम संपलं. बदलीचा आदेश आला, वाईजवळच्याच ऑफिसात. मी सामान बांधलं, बूट घातले आणि दारात उभा राहून म्हणालो, "निघतो आता."

"बसा," यांगडोल म्हणाली.

"नको, जीप थांबली आहे."

"चहा," गुर्मेत म्हणाला.

"नको, खरंच उशीर होतोय."

मग बुखारीपासची हवा जराशी हलली. ऊब उठून माझ्यापाशी आली. "तुम्ही बसा," ती म्हणाली.

तिला पाहुणी धरायचं की घरची, यावर मी क्षणभर विचार केला. निकाल माझ्याच वहीत होता, माझ्याच सहीचा: घरची. म्हणजे तिसरा आग्रहही विधिवत. मी खाली वाकलो आणि बुटांच्या नाड्या सोडल्या.