भाताचे बांध

चौतीस वर्षांत कोमांग रेदिताच्या पानात एका पदार्थाने दुसऱ्याला हात लावला नव्हता. देनपसारला एका चष्म्याच्या दुकानात तो काचा बसवायचा आणि काच केसभर हलली तरी चष्मा पुन्हा सोडवायचा. जेवतानाही त्याचा तोच खाक्या. तो तीन वर्षांचा असताना आईने आणलेलं खणांचं ताट अजून चालू होतं. सगळं बाली ज्या नासी चाम्पुरवर सकाळ साजरी करतं, तो सरमिसळ भात दिसला की हा रस्ता ओलांडून पलीकडे जायचा.

पण लग्न ठरत होतं ते करांगासेमच्या वित्रीशी, आणि वित्रीचे वडील न्योमान तांगकस हे गावचे पाटकरी होते. कुणाच्या शेतात कधी आणि किती पाणी सोडायचं हे बावीस वर्षं तेच ठरवत होते. वित्रीची याआधीची दोन स्थळं त्यांनी पंगतीत बसवून पाहिली होती. पहिला सगळ्यांच्या आधी उठला. दुसऱ्याने शेजाऱ्याच्या हद्दीतली मांसाची सळई उचलली. तांगकस दोघांनाही काही बोलले नाहीत. लग्नाचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही.

तिसरा नंबर कोमांगचा. वित्रीच्या भाच्याला तीन महिने झाले म्हणून गावजेवण होतं. आदल्या दिवशी तिने फोनवर बजावलं, "आठ जण एका ताटाभोवती बसतात. आपल्यासमोरचंच खायचं. शेजारी हात घालायचा नाही. आणि मांडवातल्या शेवटच्या माणसाचा हात थांबेपर्यंत कुणी उठायचं नाही. बापा उठा म्हणाले की सगळे एकदम."

"आणि ते सगळं मिसळावं लागतं?"

"ते आपोआप मिसळतं."

कोमांगला एवढाच धीर आला की समोरची हद्द आपली आहे. आपल्या हद्दीत काय करायचं ते आपण बघू.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास एकशेवीस पुरुष मांडी घालून बसले. प्रत्येक आठांच्या मधोमध भाताचा डोंगर. कोमांगच्या उजव्या हाताला खुद्द तांगकस, कारण त्या ताटात वाढायचा मान त्यांचा. डावीकडे वित्रीचे काका केतुत रेनेंग. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले, आणि घरी डुकरीण व्यायला झालेली. बसतानाच त्यांनी सगळ्यांना विनवलं, "लवकर आटपा रे. मी जवळ नसलो तर तिचं काही खरं नाही."

तांगकसांनी भातावर चवळीच्या शेंगा, खोबरं आणि खिमा एकत्र कालवलेलं लावार वाढलं. कोमांगने दोन बोटांनी भाताचा एक बांध घातला आणि लावार पलीकडे अडवलं. कच्च्या कांद्याचा आणि गवती चहाचा सांबल आला, त्याला दुसरा बांध. सळईवरचं मांस आलं, त्याला तिसरा. कडा सरळ, उंची सारखी. त्या नादात तो जेमतेम दोन घास जेवला, तेही कोपऱ्यातल्या पांढऱ्या भाताचे.

बाकीच्या सातांचे हात थांबले. मग शेजारच्या ताटातले थांबले. एकेक करत अख्खा मांडव थांबला आणि एकशे एकोणीस माणसं कोमांगकडे बघू लागली.

"पोरा, जेवतोयस का घर बांधतोयस?" केतुतकाकांनी गुडघा चोळत विचारलं.

कोमांग म्हणाला की आता सुरूच करतोय. बायकांच्या बाजूला वित्री कपाळाला हात लावून बसली होती.

तांगकस वाकले. जन्मभर बांधच तपासलेला माणूस तो. त्यांनी तिन्ही बांध नीट पाहिले आणि मान हलवली.

"काम चांगलं आहे. मापात आहे," ते म्हणाले. "पण पाणी अडवून धरणाऱ्याला आमच्याकडे दंड असतो."

एवढं बोलून त्यांनी केळीच्या खांबाच्या रश्श्याचा अख्खा डाव डोंगराच्या माथ्यावर, कोमांगच्या बाजूला ओतला. रस्सा खाली आला. पहिला बांध फुटला, पाठोपाठ दुसरा, आणि तिसऱ्याने वाट बघितलीच नाही. लावार सांबलमध्ये, सांबल मांसात, आणि सगळं मिळून भातात.

उठावं तर वित्री गेली. कोमांगने डोळे मिटले आणि घास तोंडात टाकला.

आधी खोबऱ्याची गोडी आली, तिच्या मागोमाग सांबलचा झटका, मग धुराचा वास लागलेलं मांस, आणि त्या सगळ्यांना धरून बसलेला गरम रस्सा. हे सगळे त्याच्या जुन्या ओळखीचे होते. त्यांची आपसातही ओळख आहे, हे त्याला आज कळलं. त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या खणांच्या ताटाचा भयंकर राग आला.

मग तो जो सुटला तो थांबेना. केतुतकाका म्हणाले, "आता ह्याला आवरा कुणीतरी."

"जेवणाऱ्याला आवरायचा नियम नाही," तांगकस म्हणाले.

कोमांग खात खात आपल्या हद्दीच्या टोकाला आला. पलीकडे तांगकसांच्या वाटचा उरलेला भात होता, रश्श्यात भिजलेला. कोमांगचा हात केसभर अलीकडे थांबला. भूक होती, पण हात पुढे सरकला नाही. सगळा मांडव त्या हाताकडे बघत होता.

तांगकसही बराच वेळ बघत राहिले. बावीस वर्षांत त्यांनी सख्ख्या भावालाही पाळीबाहेर थेंब दिला नव्हता. त्यांनी आपल्या हाताने मधली हद्द मोडली आणि आपला भात कोमांगकडे सरकवला.

"खा. माझी पाळी तुला दिली."

बायकांच्या बाजूला वित्रीच्या आईने तिथल्या तिथे लग्नाचे दिवस मोजायला घेतले. वित्री हसत होती आणि रडतही होती.

शेवटी कोमांगचा हात थांबला. तांगकस म्हणाले, "उठा." एकशे एकोणीस माणसं कण्हत उठली. कोमांग जागचा हलला नाही. त्याच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, कमरेखाली काही कळतच नव्हतं. उठायचं तर सगळ्यांनी एकदम, नाहीतर कुणीच नाही. सगळे पुन्हा खाली बसले. केतुतकाका बसताना काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात त्यांची बायको सांगत आली, "अकरा पिल्लं झाली. तुम्ही नव्हतात म्हणून बिचारी निवांत व्याली."

काका कोमांगकडे वळून म्हणाले, "लग्नाला एक पिल्लू माझ्याकडून. पंगत मात्र खुर्च्यांवर घाला."

"पंगत खालीच बसेल," तांगकस म्हणाले. "आणि जावई माझ्या डाव्या हाताला."

माणसं अजून बसलेली दिसताच आचाऱ्यांना वाटलं, दुसरी पंगत बसली. त्यांनी भाताचे नवे डोंगर आणून ठेवले. बसलेल्या पंगतीत आलेल्या भाताला नाही म्हणायची पद्धत नाही. केतुतकाकांनी हताश होऊन बाही सारली. कोमांगने आपल्या हद्दीत रश्श्यासाठी छान आळं केलं आणि तांगकसांकडे पाहिलं.

पायाच्या मुंग्या तर मघाशीच गेल्या होत्या. पण ते त्याने लग्न पार पडेपर्यंत कुणालाही सांगितलं नाही.